काढले : अकरा किडे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
ता. ११ जून १९५४

चि. यज्ञेश्वर,

आशीर्वाद घे, पण नाक दाबून दिलेत हे ध्यानात ठेव.

तुझी बाटली काल आपल्या गल्लीतल्या आकारामच्या हाती पोचली. आत मोलाची वस्तू आहे असं तू त्याला सांगितलंस, म्हणून बिचाऱ्यानं मुंबईपासून ती मांडीवर धरून आणली. त्याला वाटलं अत्तर असेल. माझ्यासमोर त्यानं फडकं सोडलं, आत काय आहे ते पाहिलं आणि चहासुद्धा न घेता गेला.

शी, यज्ञा, शी! मी शाळेत पोरींना जास्वंद काढायला शिकवते, वांगं काढायला शिकवते. फार झालं तर चिमणी. तू पत्रात लिहिलंस, "समुद्रातला तारा आहे, सरूताई, नक्षीसारखा." कसली नक्षी? मधोमध जुन्या ढब्बू पैशाएवढी चकती आणि तिला पाच हात, एकेक वीतभर. उंदराच्या पाच शेपट्या आणून एका बटणाला शिवाव्यात तसं ध्यान. रंग उकडून शिळ्या झालेल्या सुरणाचा. हातांच्या दोन्ही कडांना काटे आणि सगळ्या अंगावर खवले. बशीत काढून ठेवलं तर ओला हात बशीच्या कडेवरून घसरून माझ्या मनगटाला लागला. मेलेलं आहे हे ठाऊक असूनही मी किंचाळले. तीनदा साबण लावला तरी तो हात मला जेवताना तोंडाजवळ नेववेना.

पालथं केलं तर पोटाच्या बरोबर मध्ये तोंड. पाच कोपऱ्यांचं, पाच जबड्यांचं, आणि दात एकाखाली एक रचलेले. डोकं नाही, डोळे नाहीत. जे खातो ते बाहेर कुठून टाकतो ते शोधत मी अर्धा तास भिंग घेऊन बसले. हौस म्हणून नाही, चित्रात दाखवायला लागेल म्हणून. सापडलं नाही. तेवढं कळव.

बनाबाईनं तर जाहीरच केलंय, "ह्ये घरात ऱ्हानार आसंल तर म्या भांड्याला हात लावनार न्हाय. आन बाटलीला दारूचा वास येतोय की! दारूबंदी हाय, बाई. उद्या फौजदार आला तर तुमास्नी आत घालंल, आन मलाबी." म्हणून बाटली अप्पांच्या स्टुडिओत, जुन्या पडद्यामागे ठेवली आहे.

अप्पा बरे आहेत. पत्राखाली त्यांच्या नेहमीच्या दोन ओळी नाहीत, कारण उजव्या हाताला गळू झालंय. काळजी करू नकोस.

सरोजिनी

•

मुंबई
ता. १७ जून १९५४

ती. सरूताई,

नमस्कार. हात धुऊन केला आहे, घाबरू नकोस.

तुला ते दार सापडलं नाही कारण ते नाहीच. या भंगुरताऱ्याचं पोट म्हणजे एक बंद पिशवी. तोंडातून आत जातं, जिरतं ते जिरतं आणि उरलेलं त्याच तोंडातून परत बाहेर. हातांमध्ये पोट शिरत नाही. तिथे आत मणक्यांची माळ असते, आपल्या पाठीच्या कण्यासारखी, आणि प्रत्येक मणक्यावर वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी एकेक तकट, म्हणजे कठीण पातळ पाटी. म्हणून हात सापासारखा वळतो. शत्रूनं धरला तर तो हात स्वतःच तोडून देतो आणि पुन्हा नवा उगवतो. भंगुर नाव त्यावरूनच.

पोटाच्या बाजूला, प्रत्येक हाताच्या बुडाशी दोन्हीकडे एकेक चीर दिसेल, अशा दहा. त्यांच्या आत खिसे आहेत. पाणी आत घ्यायचं, बाहेर सोडायचं, हा त्याचा श्वास. चिरांबद्दल याहून जास्त सांगत नाही. आमच्या सरांची सक्त ताकीद आहे की चित्रकाराला कमी सांगावं, नाहीतर तो डोळ्यांनी बघायचं सोडून कानांनी ऐकलेलं काढतो.

वीस वर्षांपूर्वी एका जहाजानं सहाशे वाव, म्हणजे साडेतीन हजार फुटांहून जास्त खोलीवरून हे तीन प्राणी वर काढले. दोन फाटलेले आहेत. तुझ्याकडे आहे तो एकटाच धड. दिवाळीपूर्वी तो सरांसमोर उघडायचा आहे, आणि एकदा उघडला की त्याचं मूळ रूप जगात कुठे राहणार नाही, तुझ्या चित्राशिवाय. माझा सगळा प्रबंध या एका प्राण्यावर उभा आहे. तो सरांनी नाकारला तर चार वर्षं पाण्यात आणि इथली जागाही गेली. म्हणून तुझ्याकडे पाठवला. इथल्या चित्रकारांचा हात अप्पांच्या तालमीतला नाही.

मला आठवतं, आई गेल्यावर अप्पामामांनी मला तुझा धाकटा भाऊ म्हणून कोल्हापूरला आणलं, तेव्हा मी दिवसभर स्टुडिओत त्यांच्या स्टुलाखाली बसून असायचो. नृसिंहवाडीच्या त्या बाई आठवतात? नवरा गेल्यावर फोटोवरून तसबीर करून नेली होती. अप्पांनी चेहरा देखणा व्हावा म्हणून नाकाशेजारचा मोठा तीळ काढून टाकला. सहा महिन्यांनी बाई तसबीर घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "आमचा तीळ द्या." अप्पांना तो कुठल्या बाजूला होता तेच आठवेना. तेव्हापासून त्यांनी नियम केला की चित्रातून जे काढून टाकलं ते चित्राच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवायचं.

गळू मोठं आहे का? मी दोन दिवस येऊन जाऊ का?

यज्ञेश्वर

•

कोल्हापूर
ता. ८ जुलै १९५४

चि. यज्ञेश्वर,

येऊ नकोस. गळू फुटलं, हात अजून दुखतो इतकंच. तू आलास तर दोन दिवसांचे पंधरा होतील आणि अप्पा मला रागावतील.

तुझं पत्र मी जेवणाआधी वाचलं ही चूक झाली. ज्या तोंडानं खायचं त्याच तोंडानं ते! मोरीपर्यंत पोचायच्या आतच मला उलटी झाली. बनाबाईनं विचारलं, "काय खाल्लंसा?" काय सांगणार तिला? देवानं एवढे खवले, एवढे काटे, एवढे मणके मोजून मापून केले आणि एक दार जास्तीचं करायला त्याच्या हाताला काय झालं होतं? चित्र काढताना मला सारखं वाटायचं, आता हे तोंड उघडेल आणि सहाशे वावांखालचं जुनं काहीतरी माझ्या कागदावर ओतेल. घरातही आता मला सगळीकडे तोच वास येतो. उशीला येतो, टॉवेलला येतो, माझ्या बोटांना येतो.

पण चित्र झालं. रोज शाळेतून आल्यावर आणि घरचं उरकल्यावर दीड तास, असे एकोणीस दिवस. वरची बाजू, खालची बाजू आणि एका हाताचा तुकडा मोठा करून. प्रत्येक सांध्याला तीन काटे आहेत, मी चुकून चार काढले नाहीत. आधी तुझ्या पाहुण्याला जरा साफसूफ करून घेतलं, बघवत नव्हतं म्हणून. आता अगदी न्हाऊन-माखून तुझ्याकडे येतो आहे.

वाटेत दुमडू नये म्हणून बाबालालनं कागद गव्हाच्या खळीनं जाड पुठ्ठ्यावर चिकटवून दिला. अप्पांच्या तसबिरींना चाळीस वर्षं चौकटी करणारा माणूस, त्यानंही चित्र पाहून तोंड फिरवलं. म्हणाला, "चौकट न्हाय करनार, बाई. असलं कुनाच्या भिंतीला लागलं तर घरातली मान्सं जेवायची न्हाईत." आता तो रोज संध्याकाळी येतोच, त्यामुळे त्याची टीका मला रोज ऐकावी लागली.

बाटली आणि चित्र आकारामच्या भावाबरोबर पाठवते आहे. आकारामनं साफ नकार दिला.

सरोजिनी

•

मुंबई
ता. २ ऑगस्ट १९५४

ती. सरूताई,

सरांनी चित्र खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिलं. मग म्हणाले, "ही बाई कुठे शिकली?" मी अप्पांचं नाव सांगितलं. हे आधी लिहितो, कारण पुढची बातमी वाईट आहे.

शुक्रवारी प्राणी उघडला. दहाही खिसे रिकामे.

तुझ्यापासून काय लपवलं होतं ते आता सांगतो. दोन फाटक्या नमुन्यांच्या बाटल्यांच्या तळाशी मला मोहरीएवढे भंगुरतारे मिळाले होते. माझं म्हणणं असं की ही त्याचीच पिल्लं आहेत. हा प्राणी अंडी समुद्रात सोडून देत नाही, पिल्लांचे हात फुटेपर्यंत त्यांना त्या खिशांत सांभाळतो. सर म्हणतात की एका जाळ्यात शंभर जाती येतात, दुसऱ्याच कुणाची तरी पोरं बाटलीत पडली असतील. भांडण मिटवायचा एकच मार्ग होता. धड नमुन्याच्या खिशात पिल्लू जागच्या जागी दिसायला हवं होतं. खिसे सैल होते, ताणलेले होते, पण आत काही नव्हतं. सर मला टोचून बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

सरूताई, साफसूफ केलं म्हणजे नक्की काय केलंस? चिरांमध्ये काही होतं का? मी रागावणार नाही. दिवाळीपर्यंत मला फक्त खरं काय ते कळायला हवं.

अप्पांच्या दोन ओळी याही वेळी नव्हत्या.

यज्ञेश्वर

•

कोल्हापूर
ता. २७ ऑगस्ट १९५४

चि. यज्ञेश्वर,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलं. आता फाडत नाही.

अकरा होते. चिरांतून बारीक बारीक शेपट्या बाहेर आलेल्या. आधी मला ते काटेच वाटले होते, तू चिरांचं लिहिलंस तेव्हा भिंगातून नीट पाहिलं. मला वाटलं, कीड लागली आहे. मेलेल्या उंदराला लागते तशी. अप्पांची फोटो सुधारायची रिटचिंगची सुई घेतली, नाकाला पदर बांधला आणि एकेक चीर उकलून अकराच्या अकरा बाहेर काढले. दोन-तीन घट्ट बसले होते, ते ओढावे लागले. ओढताना मी तुला शिव्या देत होते. मग ते बशीतून मोरीत ओतले आणि वर बादलीभर पाणी ओतलं.

वीस वर्षं बाटलीत राहूनही त्यानं सोडली नव्हती ती पोरं. मी एका संध्याकाळीत काढून टाकली, आणि काढून झाल्यावर मला किती बरं वाटलं, स्वच्छ वाटलं! तेच आठवून आता स्वतःची किळस येते. त्या प्राण्याची आली नव्हती एवढी येते. तुझी चार वर्षं मी मोरीत ओतली, यज्ञा. तू रागावणार नाही म्हणालास, पण रागाव.

ता. २९. पत्र टाकलं नव्हतं ते बरं झालं. अप्पांचं म्हणणं आहे की चित्र पालथं कर. म्हणजे पुठ्ठ्यावरून सोडव. तो नियम माझ्या अंगात इतका मुरला आहे की मी मागे काहीतरी लिहिलं असणार. हात आपोआप लिहितो आणि डोकं विसरून जातं. बाबालालनं कागद चिकटवला तेव्हा मी तिथं नव्हते आणि त्यानं खळ पुठ्ठ्यालाच फासली, मागे पाहिलं नाही, कारण पुढचं पाहूनच त्याची भूक मेली होती.

खळ आहे, पाण्यात सुटेल. पण पुढची छाया जलरंगात दिलेली आहे. कागद भिजला की एकोणीस दिवसांचं काम वाहून जाईल, फक्त पक्क्या शाईच्या रेघा राहतील. मागे नक्की काय आहे, किती आहे, मला शपथेवर सांगता येत नाही. प्राणी तू कापलास, आता हे चित्र तेवढं उरलंय. पुढचं ठेवायचं की मागचं पाहायचं, ते तू ठरव.

सरोजिनी

•

मुंबई
ता. २० सप्टेंबर १९५४

ती. सरूताई,

तीन दिवस मी चित्राकडे नुसता बघत बसलो. मग सरांनाच बोलावलं. म्हटलं, जे होईल ते त्यांच्यासमोर होऊ दे.

फोटो धुवायच्या ट्रेमध्ये कागद भिजवला. छाया तुझ्या म्हणण्याप्रमाणेच गेली, ट्रेमधलं पाणी करडं झालं. सर म्हणाले, "अरेरे." कागद सुटला, मी तो काचेवर पालथा घातला. तुझी पेन्सिल जशीच्या तशी होती. सरांना मराठी कळत नाही म्हणून मी इंग्रजी करून सांगितलं, पण तू लिहिलंस ते असं :

"काढले : अकरा किडे. शी. चकती मोहरीएवढी, शेपट्या पाच, प्रत्येक सांध्याला काटे तीन, मोठ्यासारखेच. तोंड पाच कोपऱ्यांचे, मोठ्यासारखेच. मेल्यांनी रूपसुद्धा त्याचेच घेतले आहे. सर्वांत मोठ्याचा एक हात आखूड. चकती आत, शेपट्या बाहेर, असे बसले होते. दोन वेळा उलटी."

आणि खाली चकतीची बाह्याकृती, दहा चिरा, कुठल्या चिरेतून किती काढले त्याचे आकडे. बाजूला एका चिरेचं मोठं चित्र, काढण्याआधीचं. तीळ कुठे होता ते अप्पा दाखवायचे तसं. त्या चिरेतून दोन इवले हात बाहेर आलेले आहेत, आणि त्यांच्यावर काटे तीन.

सरांनी तीनदा ऐकलं. मग विचारलं, "या बाईंना तू काय सांगितलं होतंस?" म्हटलं, "काहीच नाही, तुमचीच ताकीद होती." ते पुन्हा त्या चिरेच्या चित्रावर वाकले आणि म्हणाले, "कौतुकानं काढलेलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. ही बाई तर ओकत होती. ती कशाला खोटं काढेल?"

प्रबंध त्यांनी मान्य केला. मागच्या बाजूचा फोटो आत जाईल, तुझ्या "शी"सकट. पुढची बाजू पुन्हा काढायला प्राणी नाही, पण तुझ्या शाईच्या रेघा पुरेशा आहेत असं सर म्हणतात.

माझी चार वर्षं अप्पांनी वाचवली, सरूताई. त्यांच्या हातची एक ओळ मला पाहिजे. एकच. आणि गळू तीन महिने टिकत नाही, एवढं प्राणिशास्त्र मलाही येतं.

यज्ञेश्वर

•

कोल्हापूर
ता. ४ ऑक्टोबर १९५४

चि. यज्ञेश्वर,

प्रबंध मान्य झाला हे वाचलं आणि स्टुडिओत जाऊन मोठ्यानं रडले. बनाबाईला वाटलं बाटली परत आली. तिला सांगितलं की ते किडे नव्हते, पोरं होती. ती भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, "आसंनात का पोरं. दिसाय वंगाळच हुती." मलाही अजून तसंच वाटतं, खोटं कशाला बोलू? वंगाळच होती. पण आता मोरीत पाणी ओतताना हात थबकतो.

इकडे सर्व क्षेम. पत्र पालथं कर.

सरोजिनी

(मागच्या बाजूस)

काढले : २९ मेची सकाळ. अप्पा स्टुडिओत स्टुलावरून पडले. अर्धांग. उजवी बाजू गेली आणि वाचाही. गळू कधीच नव्हतं. तुझी बाटली बारा दिवसांनी आली. तू सगळं टाकून धावत आला असतास, म्हणून पहिल्याच पत्रातून काढून टाकलं.

काढले : बाबालाल रोज का येतो ते. अप्पांना उचलून कूस बदलायला मला एकटीला जमत नाही.

काढले : अप्पांनी कसं सांगितलं ते. तुझं ऑगस्टचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं होतं. तेव्हापासून ते डावा पंजा सारखे पालथा करायचे, उताणा करायचे, पुन्हा पालथा. मला वाटलं, कूस बदला म्हणतात. मी रोज बदलत राहिले आणि ते डोळ्यांतून पाणी काढत राहिले. मला वाटलं, दुखतंय. शेवटी बाबालाल म्हणाला, "अप्पास्नी कूस न्हाय बदलायची, बाई. चित्र पालथं करा म्हणत्यात." विचारलं तर अप्पांनी डोळे मिटून मान हलवली. तीन आठवडे ते तुझा प्रबंध वाचवत होते आणि मी त्यांना उलथं पालथं करत होते.

काढले : माझी किळस. हे सगळ्यात शेवटी लिहिते आहे, कारण याची सगळ्यात जास्त लाज वाटते. भरवलेली पेज अर्धी त्याच तोंडातून परत येते. टॉवेलचा वास, चादरीचा वास, माझ्या बोटांचा वास, तो सगळा तुझ्या प्राण्याचा नव्हता. ज्या हातानं त्यांनी मला पेन्सिल धरायला शिकवलं तो पुसताना माझं तोंड वाकडं होतं आणि त्यांना ते दिसतं. त्यांच्यावर 'शी' म्हणता येत नव्हतं, म्हणून तुझ्या त्या मुक्या जिवावर म्हटलं, पानंच्या पानं. किळस येते, यज्ञा. रोज येते. आल्यावर बाहेर जाऊन तोंड धुते आणि परत आत जाते.

आता ये. येताना रबरी चादर घेऊन ये, इथली फाटली आहे.

खाली जी वेडीवाकडी रेघ आहे ती शाई सांडून झालेली नाही. पुसून पत्र नीट करावं असं मनात आलं होतं, पण पुसली नाही. ती अप्पांनी डाव्या हातानं काढली आहे.